चुकलेला पॉइंट कुणाच्या खर्चाने?

ऑनलाइन आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) खेळणाऱ्यांमधला एक वाद गेली पंचवीस वर्षं मिटलेला नाही. आपण घडवलेलं पात्र कितपत आपल्या मनासारखं असावं, आणि घडवताना चूक झाली तर ती दुरुस्त करायची मुभा कुणाला, कितीदा आणि किती किमतीत मिळावी? खेळाडूंच्या बोलण्यात हा ‘बिल्ड’चा वाद. लेव्हल वाढली की हाती पॉइंट येतात. ते ताकदीत टाकायचे की चपळाईत, कोणती कौशल्यं घ्यायची, कोणती सोडायची, अंगावर काय चढवायचं, या सगळ्या निर्णयांची बेरीज म्हणजे बिल्ड. बाहेरच्या माणसाला ही आकडेमोड किरकोळ वाटेल. पण एकेका पात्रावर लोक वर्षानुवर्षं घालवतात, आणि त्या आकड्यांत वेळ, पैसा आणि बरीचशी ओळख गुंतलेली असते.

मी या वादाकडे परळमधून पाहतो आहे आणि त्याने फरक पडतो, असं माझं मत आहे. बिल्डवर जे लिहिलं गेलं, त्यातल्या बहुतेकात घरी स्वतःचा कॉम्प्युटर असलेला, महिन्याची वर्गणी भरणारा खेळाडू गृहीत धरलेला आहे. गिरणगावातल्या पहिल्या पिढीने हे खेळ तासाच्या भाड्याने खेळले. तिथे चुकलेल्या पॉइंटचा हिशेब निराळा होता.

फाशांपासून सर्व्हरपर्यंत

या प्रकाराचं मूळ कागदावरच्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला. त्यात पात्राला सहा गुण होते आणि मूळ नियमांनुसार प्रत्येक गुणासाठी ओळीने तीन-तीन फासे टाकायचे. जे पडेल ते आपलं. म्हणजे सुरुवातीला पात्र ‘घडवायचं’ नव्हतंच, पदरी पडलेलं निभवायचं होतं. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून ‘मड’ हा अनेकांनी एकत्र खेळायचा मजकुरी खेळ उभा केला, आणि पात्र सर्व्हरवर राहू लागलं. रात्री आपण झोपलो तरी ते तिथे होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोन वाटा फुटल्या. ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये (१९९७) जात किंवा पेशा ठरवून घ्यायचा नव्हता. जे कराल त्यात हात बसेल, तलवार चालवाल तर तलवारीत, लाकूड तोडाल तर लाकूडतोडीत. मात्र सगळ्या कौशल्यांची बेरीज ७०० च्या वर जाणार नाही आणि एका कौशल्यात १०० च्या वर नाही. नवं काही शिकायचं तर जुनं थोडं विसरावं लागे, पण पात्र तेच राही. ‘एव्हरक्वेस्ट’ने (१९९९) उलट पद्धत धरली. पहिल्याच पडद्यावर वंश आणि पेशा निवडायचा, आणि तो कायमचा. दहावीनंतर भरलेल्या सायन्स-कॉमर्सच्या फॉर्मसारखं, काही कळायच्या आत घेतलेला निर्णय पुढची सगळी वाट ठरवून टाकी.

‘डायब्लो २’ने (२०००) कौशल्यांचं झाड लोकप्रिय केलं. एक फांदी धरली की दुसरीला पॉइंट उरत नाहीत, आणि टाकलेला पॉइंट परत नाही. हा नियम दहा वर्षं टिकला. २०१० च्या सुधारणेत बिल्ड पुसायची सोय आली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने (२००४) मधला मार्ग काढला. प्रत्येक पेशाला तीन झाडं, साठाव्या लेव्हलपर्यंत मिळून ५१ पॉइंट, आणि ते परत घ्यायचे तर खेळातलं सोनं मोजायचं. पहिल्यांदा एक नाणं, मग वाढत वाढत पन्नासपर्यंत. चूक माफ होती, पण फुकट नव्हती.

तासाच्या भाड्यातला नाइट

आपल्याकडे या प्रकाराची ओळख झाली ती प्रामुख्याने कोरियन खेळांतून. ग्रॅव्हिटी कंपनीचा ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ कोरियात २००२ मध्ये सुरू झाला. दोन-तीन वर्षांत लेव्हल अप या कंपनीने तो भारतात आणला, आणि त्याच सुमारास सिफी कंपनीने ‘ए३’ हा असाच खेळ आणला. घरोघरी ब्रॉडबँड नव्हतं. परळ, लालबाग, दादरमधल्या मुलांनी हे खेळ सायबर कॅफेत खेळले: चाळीच्या तळमजल्यावरचा गाळा, सात-आठ मशीन, तासाला वीस-पंचवीस रुपये.

रॅग्नारॉकचं गणित जवळून पाहण्यासारखं आहे, कारण एवढा कठोर आणि एवढा स्पष्ट बिल्ड फार थोड्या खेळांत होता. गुण सहा: ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, नेम आणि नशीब. खेळाडू त्यांना एसटीआर, अ‍ॅजी, व्हिट, इंट, डेक्स, लक म्हणत. प्रत्येक गुण १ पासून ९९ पर्यंत नेता येई, पण दर दहा पायऱ्यांनी भाव वाढे. सुरुवातीला एक पायरी चढायला २ पॉइंट लागत, शेवटच्या टप्प्यात ११. एक गुण १ वरून ९९ वर न्यायला एकूण ६२८ पॉइंट. आणि पात्र ९९ व्या लेव्हलला पोचेपर्यंत हाती येणारे सगळे पॉइंट, सुरुवातीचे ४८ धरून, १२७३. म्हणजे सहापैकी दोनच गुण टोकाला जाणार, आणि नंतर उरणार १७. त्या सतरात बाकीचे चार भागवायचे.

आता नाइट हा योद्ध्याचा पेशा घ्या. ‘अ‍ॅजी नाइट’ ताकद आणि चपळाईत पॉइंट टाकी. दोन हातांची तलवार भराभर चालवायची, वार चुकवायचे, एकट्याने राक्षस मारत लेव्हल मारायची. ‘व्हिट नाइट’ चिवटपणात टाकी. एकट्याने खेळताना हळू, कंटाळवाणा, औषधं पिणारा. पण किल्ल्यांसाठी गिल्डांमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघांमध्ये, होणाऱ्या लढाईत हिशेब उलटा व्हायचा. दोनपेक्षा जास्त शत्रूंनी घेरलं की वार चुकवायची क्षमता घटत जाई, अ‍ॅजी नाइट पहिल्या मिनिटाला आडवा होई आणि व्हिट नाइट दारात उभा राही. गोची अशी की गिल्डच्या लढाईत उतरायची वेळ येईपर्यंत पात्र सत्तर-ऐंशी लेव्हलला पोचलेलं असे आणि पॉइंट टाकून झालेले असत. पुसायची सोय नव्हती. नव्या नॉव्हिसपासून, म्हणजे पहिल्या पायरीवरच्या पात्रापासून, सुरुवात.

घरी खेळणाऱ्याला याचा अर्थ काही महिने वाया. कॅफेत खेळणाऱ्याला याचा अर्थ काही महिन्यांचा पॉकेटमनी वाया, आणि कॅफेच्या तासाशिवाय खेळाचं कार्ड वेगळं. म्हणूनच कॅफेत बिल्ड तोंडी फिरायचा. मागे उभा असलेला मोठा मुलगा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून सांगायचा, ‘डेक्स एवढा नको, व्हिट टाक.’ त्याचं ऐकलं जाई, कारण त्याने स्वतःचं एक पात्र फुकट घालवलेलं असे. बिल्डचं ज्ञान असं प्रत्यक्ष माणसाकडून मिळणं हा या इतिहासातला फार मोलाचा भाग आहे, आणि नोंदला गेला नाही तर विसरला जाईल.

याच परिसरात बंद गिरण्यांच्या जागेवर खेळाचा दुसरा व्यवहारही उभा राहिला. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आणि बोलिंग आलं, २०१२ मध्ये कमला मिलमध्ये ‘स्मॅश’ हे खेळकेंद्र सुरू झालं. तिथे दर खेळाचे पैसे द्यायचे, खेळायचं, निघायचं. मागे काही शिल्लक राहत नाही. आरपीजीची सगळी ओढ शिल्लक राहण्यात आहे.

मुंबईतून ऑनलाइन आरपीजीच्या क्षेत्रातही उडी घेतली गेली होती. यूटीव्ही कंपनीने २००८ मध्ये अमेरिकेतल्या ट्रू गेम्स कंपनीत मोठा हिस्सा घेतला आणि तिच्यामार्फत ‘वॉरियर एपिक’ हा ऑनलाइन आरपीजी २००९ मध्ये आला. तो प्रयोग फार पुढे गेला नाही. रॅग्नारॉकची भारतीय सेवाही काही वर्षांतच बंद झाली. त्यानंतर मोबाइल आला, आणि आपल्या मुलांनी आरपीजीऐवजी पबजी आणि फ्री फायर उचलले. तिथे दर डाव नव्याने सुरू होतो. पबजीत पात्राचे कपडे बदलतात, गुण नाही.

निर्णय टिकावा, असं म्हणणारे

या बाजूचा मूळ मुद्दा सरळ आहे. जे सहज बदलता येतं ते निवडलं असं म्हणता येत नाही. डायब्लो २ मध्ये एकाच पेशाची तीन-चार पात्रं बाळगणारे खेळाडू होते, कारण प्रत्येक बिल्ड म्हणजे वेगळा प्रवास होता. सर्व्हरवर माणसाची ओळख त्याच्या बिल्डने होई. ‘तो व्हिट नाइट’ म्हटलं की कोण ते कळायचं, आणि लढाईच्या वेळी त्याला निरोप जायचा. पॉइंटची टंचाई हीच खेळाडूंना एकमेकांची गरज लावते, हेही या बाजूचं म्हणणं. सगळ्यांना सगळं येत असेल तर गिल्ड कशाला?

या भूमिकेला सर्वांत मोठा तडा खेळाडूंनी नव्हे, कंपन्यांनीच दिला. कायमचा निर्णय न्याय्य ठरायचा तर नियमही कायमचे हवेत. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ (२००३) मध्ये तीसहून अधिक पेशे होते, त्यांची कौशल्यं एकत्र करून माणसं स्वतःचं मिश्रण बनवत. कुणी अर्धा वैद्य, अर्धा नेमबाज. कुणी निव्वळ नर्तकी, जी लढाईहून परतलेल्यांचा शीण घालवी. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने ही सगळी रचना काढून ९ ठरावीक पेशे आणले. लोकांनी दोन वर्षं घडवलेली पात्रं जवळपास एका दिवसात दुसरीच कुणीतरी झाली. खेळ २०११ पर्यंत चालला, पण ती जखम भरली नाही. बिल्डच्या इतिहासात मला हे प्रकरण सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. खेळाडूची चूक आणि कंपनीने बदललेला नियम यांचा परिणाम एकच होतो, आणि दोन्हीची भरपाई खेळाडूच करतो, हे त्याने दाखवून दिलं.

चुकायची मुभा मागणारे

‘गिल्ड वॉर्स’ने (२००५) शेकडो कौशल्यं दिली पण लढाईला जाताना फक्त आठ न्यायची अट घातली, आणि गावात परतल्यावर ती बदलायची मोकळीक ठेवली. ‘डायब्लो ३’ने (२०१२) झाड काढूनच टाकलं. कौशल्यं हवी तेव्हा बदला, गुण आपोआप वाढतील. ‘फायनल फँटसी १४’मध्ये हातातलं शस्त्र बदललं की त्याच पात्राचा पेशा बदलतो, फक्त प्रत्येक पेशाची लेव्हल स्वतंत्र कमवावी लागते.

ही बाजू मांडणारे म्हणतात, की माहिती नसताना घेतलेल्या निर्णयाला निवड म्हणणं हीच फसगत आहे. दहाव्या लेव्हलला ऐंशीव्या लेव्हलची लढाई कुणालाच दिसत नाही. शिवाय नोकरी, संसार सांभाळून खेळणाऱ्याकडे दुसरं पात्र शून्यापासून उभं करायला वेळ नसतो. मोकळीक असली की माणूस धाडस करतो, विचित्र मिश्रणं करून बघतो. कॅफेच्या भाड्याचा अनुभव जमेस धरला तर हा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो: शिक्षा सगळ्यांना सारखी दिसली तरी ती सारखी बसत नाही.

यावरचा आक्षेपही खरा आहे. सगळं बदलता येतं तेव्हा आपल्या पात्रात आणि शेजाऱ्याच्या पात्रात फरक उरत नाही. डायब्लो ३ वर ही टीका सतत झाली, आणि ‘डायब्लो ४’मध्ये (२०२३) झाड परत आलं, पॉइंट परत घ्यायला सोनं लागू लागलं.

‘पाथ ऑफ एक्झाइल’ (२०१३) या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. सगळ्या पेशांना मिळून एकच अवाढव्य झाड, त्यात तेराशेहून अधिक गाठी, आणि खेळाडूच्या हाती शेवटी साधारण १२० पॉइंट. एक गाठ सोडवायला बराच काळ ‘ऑर्ब ऑफ रिग्रेट’ नावाची एक वस्तू लागे. चार-सहा गाठी सहज सुधारत. पण अख्खा बिल्ड उलटायचा तर खर्च एवढा होई, की नवं पात्र परवडे.

सगळ्यांचा एकच बिल्ड

तिसरा गट वेगळीच शंका काढतो. निवड टिकाऊ असो वा बदलती, ती मुळात आहे का? वॉरक्राफ्टची झाडं २०१२ मध्ये काढताना निर्मात्यांचं म्हणणं असं होतं, की बहुतेक लोक ठरलेला बिल्ड उतरवून घेतात. त्याऐवजी सहा टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर तीनातून एक, अशी रचना आली. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, झाडं परत आणली गेली. पॉइंट वाढताना दिसणं, फांद्या पसरताना दिसणं, यातच सुख असतं आणि नक्कल करणाऱ्यालाही ते मिळतं, असा धडा यातून बरेच जण घेतात. ‘पाथ ऑफ बिल्डिंग’सारखी हिशेबाची साधनं आता इतकी अचूक आहेत की खेळ सुरू करण्याआधीच पात्राची शेवटची लेव्हल कागदावर तयार असते. गेम डिझायनर सोरेन जॉन्सन यांनी जुनंच निरीक्षण नोंदवून ठेवलं आहे, की संधी मिळाली तर खेळाडू सर्वांत फायद्याची वाट धरतात, मग तिच्यात मजा नसली तरी.

इथे बार्टल यांचं १९९६ चं वर्गीकरण उपयोगी पडतं. कुणी यश मिळवायला खेळतो, कुणी शोधायला, कुणी माणसांसाठी, कुणी दुसऱ्याला हरवायला. यश हवं असलेल्याला तयार बिल्ड हा सोपा रस्ता, शोधणाऱ्याला तो खेळाचा शेवट. दोघे एकाच सर्व्हरवर आहेत, म्हणून एकच उत्तर दोघांना पुरत नाही. हैदराबादच्या ओग्रे हेड स्टुडिओने ‘असुर’मध्ये (२०१७) एक तोड काढली: दर वेळी कौशल्यांचं झाडच नवं उगवतं, त्यामुळे उतरवून घ्यायला काही नसतं. तो एकट्याने खेळायचा खेळ आहे. हजारोंच्या सर्व्हरवर ही युक्ती चालेल का, हे सांगता येत नाही.

रूप

रूपाचा प्रश्न थोडक्यात. ‘सिटी ऑफ हीरोज’ने (२००४) पोशाख आणि शक्ती यांची फारकत केली आणि लोक तासन्‌तास नुसते वेश बनवत बसले. वॉरक्राफ्टने २०११ मध्ये चिलखताचं रूप बदलायची सोय दिली, तेव्हा ताकदीसाठी कुरूप दिसण्याची सक्ती संपली. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांच्या २००७ च्या प्रयोगांत दिसलं, की उंच पात्र मिळालेली माणसं घासाघीस करताना अधिक ठाम राहतात. म्हणजे रूप वरवरचं राहत नाही. वंशाला जन्मजात गुण चिकटवायचे का, हा वाद ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये २०२० पासून उघड झाला, आणि २०२४ च्या नियमांत गुणवाढ वंशावरून काढून पात्राच्या पूर्वायुष्यावर नेली गेली. भारतीय रूपाची उणीव मात्र अजून जाणवते. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’मध्ये (२०२०) भारतीय नायिका जगापुढे आणली, पण ती त्यांनी घडवलेली आहे. नऊवारीतली धनुर्धारी खेळाडूने स्वतः बनवावी, अशी सोय मोठ्या ऑनलाइन खेळांत सापडत नाही.

दुरुस्तीचं दुकान

गेल्या दशकात वाद पैशाकडे सरकला. रॅग्नारॉकच्या काही सेवांत पुढे गुण पुसून देणारी वस्तू दुकानात विकत मिळू लागली. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये कौशल्य शिकायला खरोखरीचा काळ जावा लागे, २०१६ पासून एकाचं कौशल्य काढून दुसऱ्याला विकता येऊ लागलं. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये (२०२०) बहुतेक पात्रंच सोडतीतून मिळतात. ‘डायब्लो इमॉर्टल’ (२०२२) बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तिथल्या सोडत-पेटीविषयक (लूट बॉक्स) कायद्यांमुळे प्रसिद्धच झाला नाही.

कंपन्यांची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. खेळ फुकट दिला की सर्व्हरचा खर्च कुठून तरी निघायला हवा, आणि रूप किंवा दुरुस्ती विकणं हे ताकद विकण्यापेक्षा सौम्य आहे. विरोधकांचं उत्तर असं, की दुरुस्ती विकायची ठरली की चूक घडेल अशी रचना करणं फायद्याचं ठरतं.

भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळांना प्रोत्साहनाच्या बाजूला ठेवलं. पात्राचे गुण पुसायला मोजलेले पैसे या रेषेच्या आत येत नाहीत, कारण बदल्यात जिंकायचं काही नसतं. त्यामुळे बिल्डच्या व्यापाराला आपल्याकडे वेगळा नियम नाही.

उघडे राहिलेले प्रश्न

नियम कंपनीने बदलला तर खेळाडूला एकदा फुकट दुरुस्ती द्यावी, हा संकेत बऱ्याच ठिकाणी रूढ झाला आहे. तो हक्क आहे की मेहेरबानी, हे ठरलेलं नाही. मोबाइलवरच्या अनेक आरपीजींत पॉइंट आपोआप टाकणारं बटण असतं, लढाईसुद्धा आपोआप चालते. तिथे बिल्ड कुणाचा म्हणायचा? सर्व्हर बंद पडल्यावर काय, हा तिसरा प्रश्न. सिटी ऑफ हीरोज २०१२ मध्ये बंद झाला, चाहत्यांनी तो खाजगी सर्व्हरवर जिवंत केला आणि २०२४ मध्ये त्यांच्यापैकी एका गटाला रीतसर परवाना मिळाला. असं भाग्य फार थोड्या खेळांना लाभतं. कॅफेत घडलेल्या आपल्या नाइटांना ते लाभलं नाही.

मुंबईत २०२५ पासून पेडर रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या वास्तूत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आहे. गेमिंग तिच्या विषयांपैकी एक. परळपासून ती टॅक्सीच्या अंतरावर आहे. इथे शिकणारी मुलं पुढे स्वस्त फोनसाठी आणि मोजक्या डेटासाठी ऑनलाइन आरपीजी रचायला बसली, तर पहिला बिल्ड मोडायची किंमत त्यांना सुरुवातीलाच ठरवावी लागेल: वेळ, खेळातलं सोनं, की रुपये. आजवरच्या खेळांनी तिन्ही उत्तरं दिली आहेत, आणि त्यातलं एकही रुपये मोजून खेळणारा मुलगा डोळ्यांपुढे ठेवून दिलेलं नाही.